कुणाचा करपा

आन्त्सिराबेहून पहाटे निघाले तेव्हा झोळीत
दोनशे बारा कागदी पाकिटं, एक कात्री,
आणि पेन्सिल, कारण शाई दवात फुटते.
हांताच्या शेतात पानापानांवर डोळे उघडलेले,
मध्ये राखाडी, कडेला तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळते,
विणकराच्या धोट्यासारखे.
काही लोंब्यांची मान मोडलेली. पांढऱ्या.
दाणा दाबून पाहिला. टरफल, आत काही नाही.

"हा राझाफिंबेलोकडून आला," हांता म्हणाली,
हनुवटीनंच बांधापलीकडे दाखवत.
"त्याच्याकडचा वारा माझ्याकडे वाहतो. दोन वर्षं झाली.
तुझ्या यंत्राला विचार, आणि कागदावर लिहून दे."

मी दोन्हीकडची पानं कापली.
राझाफिंबेलो बोलला नाही. झेबूच्या पाठीवर हात ठेवून
पाकिटांकडे बघत राहिला,
ठाण्यात आपलं नाव लिहून घेतात तेव्हा माणूस बघतो तसा.

बशीत तो उंदराच्या रंगाचा वाढतो,
हात फिरवावासा वाटावा इतका मऊ.
बीजाणू तीन खणांचा. रात्री दव मिळालं
की पानाला चिकटतो, काळी टोपी चढवतो,
जोर साठवतो, साठवतो,
आणि खिळ्यासारखा आत उतरतो.
मला त्याचा राग यायला हवा. कामाच्या वेळी येत नाही.

इथे त्याची सोयरीक जमत नाही.
या डोंगरांत सगळे एकाच बाजूचे, नवरीकडचं कुणीच नाही.
समुद्रापार, जिथून तो निघाला असावा
त्या हिमालयाच्या पायथ्याशी म्हणे अजून लग्नं लागतात.
इथे नुसती नक्कल, नकलेची नक्कल,
आणि नकलता नकलता कुठेतरी एखादं अक्षर गळतं.
तेवढं पुरतं.
ज्या खुणेवरून नवं बियाणं त्याला ओळखून दार लावायचं
ती खूणच तो वाटेत टाकून येतो,
आणि तिसऱ्या हंगामाला
घरचाच असल्यासारखा ओसरीवर बसलेला असतो.

जेलवर पट्ट्या उमटल्या.
हांताच्या रांगेत चौथी पट्टी वर, राझाफिंबेलोच्या रांगेत खाली.
मी पुन्हा केलं. मग लालानिरीनानं केलं,
तिचा माझ्या हातावर विश्वास नाही.
बांध दीड वीत रुंद,
आणि अलीकडचा करपा पलीकडच्याला ओळखतही नाही.
हांताचा जुळला एकशे सत्तेचाळीसशी.
पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. अक्षर माझंच.
पश्चिमेचं गाव, तळ्याकाठचं शेत, हांताचा धाकटा भाऊ.

वडिलांच्या अस्थींना नवं रेशीम गुंडाळलं
त्या थंडीत त्यानं बहिणीला बियाण्याचं पोतं दिलं होतं.
हे मला तिनंच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी,
कौतुकानं.

जुलैत परत गेले. गवतावर हिव पडलेलं.
जेवण झालं होतं. भाताच्या भांड्यात बुडाशी राहिलेल्या खरवडीवर
तिनं पाणी ओतलं, उकळलं.
रानुव्होला म्हणतात इथे, चांदीचं पाणी.
दिसतं चहासारखं, लागतं धुरासारखं.

"राझाफिंबेलोचा नाही," मी म्हणाले.
ती वाटीत फुंकर घालत राहिली.
"मग कुणाचा?"

कागद माझ्या खिशात होता, चार घड्यांचा.
मी म्हणाले, एकाच पोत्यातलं सगळीकडे पेरू नका,
दोनतीन वाण मिसळा, लोंबी मोडली असेल
त्या रोपाचं बी धरू नका.
सगळं खरं होतं. तिनं विचारलं होतं ते हे नव्हतं.

चुलीत कोळसा फुटला.
"त्याची आई गेली," हांता म्हणाली,
"पेरणीच्या आधी. सगळं गाव गेलं होतं.
मी गेले नाही."

मग माझी वाटी अजून अर्धी असताना
तिनं वर थोडं पाणी ओतलं,
तेच, करपलेलं.